मिस्त्रीची साक्ष

होडीची मोटर गॅरेजात ठेवून घेऊन, उघडून, पुन्हा बंद करून मिस्त्रीने निकाल सांगितला, तेव्हा चौकशीसाहेबांना पहिली शंका आली ती अशी, की या माणसाने पैसे का मागितले नाहीत?

"आतलं बेअरिंग गेलंय साहेब. दांडा झिजलाय," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला. "थंड असताना सुरू होईल, थोडी चालेलही. तापली की अडकणार. आणि एकदा अडकली की मग कायमची. हिला आता पाण्यात घालू नका. परसात ठेवा, भोवती फुलझाडं लावा."

साहेबांनी उघडून बघण्याचे किती झाले ते विचारलं. मिस्त्रीने नुसती मान हलवली आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी गिअरबॉक्समध्ये डोकं घातलं.

चौकशीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत त्यांची सगळी नोकरी नुकसानभरपाईच्या खात्यात गेली. कुणाचं दुकान जळायचं, कुणाच्या गोदामात पाणी शिरायचं, आणि साहेब तिथे जाऊन ती माणसं नेमकी कुठे खोटं बोलताहेत ते हुडकून काढायचे. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, पण नाव आणि सवय दोन्ही अंगाला चिकटून राहिली. दूधवाल्याला उशीर झाला तर ते कारण विचारत, दोन दिवस जाऊ देत, पुन्हा सहज विचारल्यासारखं तेच विचारत आणि दोन्ही जबाब ताडून बघत. दूधवाल्याने शेवटी दूध वेळेवर आणायला सुरुवात केली, ते या जाचाला कंटाळूनच.

होडी त्यांना थोरल्या भावाकडून मिळाली होती. भाऊ मुलीकडे राहायला गेला तेव्हा होडी, मोटर आणि एक फाटकी छत्री मागे ठेवून गेला. जन्मभर दुसऱ्याच्या बुडालेल्या मालाचे पंचनामे करणाऱ्या साहेबांना, आपल्या हुकमाने चालणारी एक वस्तू पहिल्यांदाच हाताला लागली. दर रविवारी ते बायकोला घेऊन तलावात जात. स्वतः मागे मोटरची मूठ धरून बसत आणि बायकोला पुढच्या टोकाला बसवत. पाण्यात दगड किंवा ओंडका दिसला तर तिने त्या बाजूचा हात वर करायचा, अशी व्यवस्था होती. मागच्या रविवारी ऐन मध्यावर मोटरला ढास लागली आणि ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली खरी, पण साहेबांच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी मोटर मिस्त्रीकडे नेली.

नेण्याआधी त्यांनी एक खबरदारी घेतली होती. चांगले भाग काढून जुने बसवण्याची मिस्त्री लोकांची हातचलाखी त्यांना ठाऊक होती. म्हणून बायकोच्या नेलपॉलिशने त्यांनी मोटरच्या प्रत्येक दिसत्या भागावर एक एक लाल ठिपका दिला. मोटर परत आल्यावर भिंग घेऊन बसले. सगळे ठिपके जागच्या जागी होते. दुसरा कुणी असता तर समाधानाने उठला असता. साहेबांची शंका उलट पक्की झाली. पैसे घेतले नाहीत, भाग बदलले नाहीत, म्हणजे या माणसाला सुटा भाग नकोच आहे. त्याला अख्खी मोटर हवी आहे. आपण वैतागून ती भंगारात काढायची तो वाट बघतोय.

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण त्याने विकत मागितली का?"

"नाही मागितली. तेच तर."

ती कणीक मळत राहिली.

दुसरं मत घ्यावं म्हणून साहेबांनी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हण्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं, आणि पंप काय, मोटर काय, आतून सगळं सारखंच असतं असं त्याचं ठाम मत होतं. त्याने मोटरभोवती एक चक्कर मारली, बोटाने टकटक केलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "भाऊजी, बेअरिंग गेलंय हिचं. आता हिला पाण्यात घालू नका. परसात ठेवा, भोवती फुलझाडं लावा."

साहेबांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. किती वर्षांनी असा क्षण आला होता. मेव्हण्याने झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, त्याला चहा पाजला, भाच्यांची चौकशी केली आणि गोडीत वाटेला लावलं. मग खोलीत येऊन दार लावून ते विचार करत बसले. दोन साक्षीदार शब्दाला शब्द तेच बोलतात, तेव्हा त्यांना बोलायला शिकवणारा तिसरा कुणीतरी असतो. शिवाय ग्रीसमध्ये बरबटलेल्या मिस्त्रीच्या डोक्यात फुलझाडं येतीलच कशाला? परसात फुलझाडं कुणाला हवी होती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. पण घरातल्या माणसाचं नाव संशयितांत घालायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांनी मिस्त्री आणि मेव्हणा यांची भागीदारी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात जातो असं सांगून ते बाहेर पडले आणि घरासमोरच्या शिंप्याच्या दुकानात, टांगलेल्या कोटांच्या मागे जाऊन बसले. मेव्हणा मिस्त्रीला मोटर दाखवायला, म्हणजे उचलून न्यायला, घेऊन येणार असा त्यांचा अंदाज होता. शिंप्याने माप घ्यायचंय का विचारलं. साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं. शिंपी घाबरून मशीन चालवायचाच थांबला.

थोड्या वेळाने मिस्त्री सायकलवरून आला. एकटाच. मोटरकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तो मागच्या दाराशी गेला, आणि साहेबांच्या बायकोने आतून त्यांच्या वरच्या खोलीतला स्टँडचा पंखा आणून त्याच्या हातात दिला.

साहेब कोट बाजूला सारून बाहेर आले. एक कोट खांद्यावर तसाच राहिला होता. रस्ता ओलांडून ते दारात पोचले, तेव्हा मिस्त्री पंखा सायकलला सुतळीने बांधत होता. साहेबांना पाहून त्याने बांधायचं थांबवलं. बायकोने त्यांच्या खांद्यावरचा कोट काढून नीट घडी केली आणि म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना."

मग सगळं बाहेर आलं. मोटर गॅरेजात पोचायच्या आधीच बायको मिस्त्रीला भेटली होती. मोटर आता चालणार नाही असं साहेबांना सांगायचं, त्याबद्दल पंखा द्यायचा, असं ठरलं होतं. आपल्या भावाला, म्हणजे मेव्हण्यालाही, तिनेच पढवलं. फुलझाडंही तिचीच. साहेबांना राग यायला हवा होता, पण आनंदच इतका झाला होता की रागाला जागा उरली नाही. आपला संशय खरा निघाला. आरोपी तेवढा चुकला.

"अगं, पण मला सरळ सांगायचं की होडीत येत नाही म्हणून."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कारण सांग. मी म्हटलं, आवाजाने डोकं उठतं, कपडे भिजतात, दिवसभर पेट्रोलचा वास येतो अंगाला. तुम्ही म्हणालात, ही कारणं पटण्यासारखी नाहीत."

साहेबांना ते आठवलं. अर्ज फेटाळताना ते ऑफिसात हेच वाक्य लिहीत असत.

मिस्त्री अजून सायकल धरून उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "साहेब, एक सांगू का? मी खोटंच बोलणार होतो. पण म्हटलं, एकदा उघडून तर बघू. तर ते खरंच निघालं. बेअरिंग खरंच गेलंय."

साहेब हसले. असे साक्षीदार त्यांनी ढिगाने पाहिले होते. पकडला गेला की माणूस पहिलं खोटं दुसऱ्या खोट्याने झाकतो.

"मिस्त्री, आता पुरे," बायकोही जरा ओशाळून म्हणाली. "कळलंय त्यांना सगळं."

"अहो वहिनी, खरंच सांगतोय."

"मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण आता नका ताणू."

मिस्त्रीने दोघांकडे हताशपणे बघितलं, सुतळीला गाठ मारली आणि पंखा घेऊन निघून गेला.

रविवारी साहेब सकाळीच तयार झाले. बायको हरलेल्या पक्षासारखी मुकाट्याने पिशवी घेऊन निघाली. होडी सोडताना तिला दिसलं की वल्ही घरीच राहिली आहेत. साहेबांनी ती मुद्दाम आणली नव्हती. वल्ही घेणं म्हणजे मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं असं मान्य करणं, आणि ते त्यांना मान्य नव्हतं. धक्क्यावर मिस्त्री कुणाची तरी होडी रंगवत बसला होता. त्याने ब्रश वर धरून काहीतरी हातवारे केले. साहेबांनी त्याला ऐटीत हात दाखवला आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मोटर सुरू झाली.

अर्ध्या वाटेपर्यंत साहेब बोलतच होते. मोटरच्या आवाजावर आवाज काढून त्यांनी बायकोला पढवलेल्या साक्षीदाराचं शास्त्र समजावून सांगितलं. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. ती समोर पाण्याकडे बघत होती. मग मोटरच्या पोटात काहीतरी किंचाळलं, एक मोठा ठोका पडला, आणि सगळं एकदम शांत झालं.

साहेबांनी दोरी ओढली. ती जागची हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकवून ओढली. होडी तेवढी डुलली. ते हळूच खाली बसले. त्यांनी एका दमात हजारो माणसांचा इतिहास आठवून पाहिला. माणसाला खोटं बोलायला शिकवलेलं असताना तो चुकून खरं बोलून गेला, असं एकही प्रकरण त्यांना आठवेना.

"मिस्त्री खरं बोलत होता," ते म्हणाले.

बायको वळून बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"म्हणजे मोटर आधीच गेलेली होती?"

"हो."

"आणि त्याला ते उघडल्यावर कळलं?"

"तसं दिसतंय."

"मग पंखा न्यायला कधी आला? उघडल्यावरच ना?"

साहेबांनी मान डोलावली. आपल्याला कुणी प्रश्न विचारतंय, याची त्यांना सवय नव्हती.

"मी पंखा दिला तो खोटं बोलण्याबद्दल," ती म्हणाली. "तो बोलला खरं. मग पंखा कशाबद्दल नेला? खरं तर त्याने फुकट सांगायला हवं होतं."

साहेबांनी मिस्त्रीची बाजू मांडायचा थोडा प्रयत्न केला. मोटर उघडायला मेहनत लागते, त्या माणसाने दोनदा खरं सांगितलं, आपणच ऐकलं नाही, असं ते म्हणाले. तिने एकही मुद्दा चालू दिला नाही. तो कधी काय म्हणाला, कुठे उभा होता, पंखा घेताना त्याने डोळे का चुकवले, हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. होडी वाऱ्याबरोबर संथ सरकत होती, आणि आवाज नसल्याने तिचा शब्द न् शब्द साहेबांना ऐकू येत होता.

मिस्त्री वल्ही मारत त्यांच्याकडे येताना दिसला, तेव्हा तिच्या तयारीला जोर चढला. त्याची होडी जवळ येऊन टेकते न टेकते तोच तिने पंखा परत मागितला.

"न्या की वहिनी," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "मी स्वतःच आणून देणार होतो. फिरतच नाही तो. उघडून बघितला, आतलं वाइंडिंग जळून कोळसा झालंय. आजचं नाही ते, जुनं आहे." त्याने वल्हं आडवं ठेवलं आणि विचारलं, "देताना माहीत होतं का तुम्हाला?"

बायको पिशवीच्या बंदांशी चाळा करू लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. साहेबांनी ते पाहिलं. असे लाल झालेले कान त्यांनी नोकरीत कितीतरी पाहिले होते, आणि अशा वेळी पुढचा प्रश्न कुठला विचारायचा हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद होता. तो दुरुस्तीला टाकायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं होतं.

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "परवापर्यंत उत्तम चालत होता. मी स्वतः त्याच्यासमोर बसलो होतो."

आयुष्यातली त्यांची ही पहिलीच खोटी साक्ष. त्यामुळे आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला आणि शेवटी थोडा चिरकला. बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुढच्या टोकावरून उठली, तोल सांभाळत मागे आली आणि त्यांच्याशेजारी, अगदी खेटून बसली.

मिस्त्रीने डोळे बारीक केले. तो एकदा साहेबांकडे बघे, एकदा वहिनींकडे. या दोघांवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याचं काही केल्या ठरेना. शेवटी त्याने होडीतला दोर उचलला आणि तो त्यांच्याकडे फेकण्याआधी, दुसरं टोक आपल्या होडीला पक्कं बांधलंय ना, ते दोनदा ओढून बघितलं.