दोन पक्ष आणि एल्डनचा मोतीबिंदू

नकाराचं दुसरं पत्र आलं तेव्हा एल्डन ब्रेक्केने ते आधी खिडकीत धरलं, मग दिव्याखाली धरलं, मग भिंग लावून पाहिलं, आणि शेवटी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या वर्नाला हाक मारली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. त्यांच्या ऑपरेशनला परवानगी नाकारणारं पत्र वाचायला त्याला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागत होते, आणि पत्र पाठवणाऱ्या विमा कंपनीत याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

"काय म्हणतायत?" एल्डनने विचारलं.

"'सध्या ऑपरेशनची वैद्यकीय गरज दिसून येत नाही,'" वर्नाने वाचून दाखवलं.

"त्यांना दिसत नाही, मला दिसत नाही. मग बघतंय कोण?"

तसं पाहिलं तर म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला सरकारची मेडिकेअर होतीच. पण पाच वर्षांपूर्वी एका जाहिरातीला भुलून एल्डनने आपली मेडिकेअर या खासगी कंपनीच्या हवाली केली होती. कंपनी दात फुकट साफ करून द्यायची, व्यायामशाळेचं कार्ड द्यायची, वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायची. फक्त माणूस आजारी पडला की आधी तिची परवानगी मागावी लागायची, आणि ती मिळेपर्यंत एक तर आजार बरा व्हायचा नाही तर माणूस तरी आटोपायचा.

एल्डन शहात्तर वर्षांचा होता. आयोवातल्या मेपल फोर्क गावात अडतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली, कधी साधा आरसासुद्धा घासला नाही. पण जूनमध्ये एका सकाळी त्याने रस्ता समजून गाडी मक्याच्या शेतात घातली, आणि त्याच दिवशी किल्ल्या खुंटीला टांगल्या. पेपर वाचता येत नव्हता, टीव्ही धुरकट दिसत होता, त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते मार्डेलचं. त्याच्या बायकोला कंपवात. गेल्या वर्षापासून ती अकरा मैलांवरच्या वृद्धसेवागृहात होती. किल्ल्या टांगेपर्यंत एल्डन रोज दुपारी जेवायला तिच्याकडे जायचा, तिच्या हातातला चमचा थरथरला की न बोलता खालून आपला हात धरायचा. आता मंगळवारी त्याला वर्ना न्यायची आणि शुक्रवारी समोरच्या घरातला गस.

"आठवड्याला दिवस सात असतात," मार्डेल त्याला म्हणाली होती. "त्यातले पाच दिवस मी सूप अंगावर सांडते. बघ बाबा, काय जमतंय ते."

वर्ना आणि गस यांचं एकमेकांशी गेली आठ वर्षं बोलणं नव्हतं. वर्ना कट्टर हत्तीवाली, गस कट्टर गाढववाला. दोन्ही पक्षांनी आपापली चिन्हं स्वखुशीने निवडली होती, त्याला एल्डन तरी काय करणार? दोघांच्या अंगणांत आपापल्या उमेदवारांच्या पाट्या, मधल्या रस्त्यावर एल्डनची टपालपेटी, आणि त्याने कधी कुणाच्या बाजूने ब्र काढला नव्हता. वाहन मिळत राहायचं असेल तर तोंड बंद ठेवलेलं बरं, हे बस चालवलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सप्टेंबरात हत्तीवाल्यांचे खासदार पोहल्मन यांनी शाळेच्या जिममध्ये नागरिकांची सभा ठेवली. विषय होता मेडिकेअर. एल्डन प्रश्न विचारायला गेला. दारात प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं एकेक कार्ड दिलं गेलं. "एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला लाल. खासदारांचं पटलं तर हिरवं दाखवा, नाही पटलं तर लाल. ओरडायचं नाही," दारातल्या बाईने बजावलं. मागच्या सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या होत्या, म्हणून ही सोय. एल्डनने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्याला दोन्ही बाजू कोऱ्या चहाच्या रंगाच्या दिसल्या.

खासदार बोलायला उभे राहिले. "आमच्या विधेयकात कंपन्यांना सात दिवसांत परवानगी द्यावीच लागेल!"

"आणि गाढववाल्यांच्या विधेयकात किती दिवसांत?" मागून कुणीतरी विचारलं.

"सात. पण त्यांचा हेतू शुद्ध नाही."

"मग दोघं मिळून एकच पास करा ना!"

"निवडणुकीच्या तोंडावर?" खासदारांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

एवढ्यात एल्डनला वाटलं, आता आपणही विचारावं. बोलायचं तर हात वर करायचा, ही शाळेची शिस्त त्याच्या अंगात भिनलेली. त्याने हात वर केला, आणि हातात कार्ड होतं तेही वर गेलं. मग त्याच्या मनात शंका आली. तो मान वळवून मागे बसलेल्या गसला विचारू लागला, "अरे गस, कुठली बाजू पुढे आहे रे?" गस काही बोलायच्या आत खासदारांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि ते मागच्या दाराने निघूनही गेले.

आता कार्डाची एक बाजू पुढे असली की दुसरी मागे असणारच, हे सभा भरवणाऱ्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मंचाजवळ गाढववाल्यांचा कॅमेरा होता. त्यात लाल कार्ड उगारलेला, जबडा वासलेला संतप्त म्हातारा आला. सभेच्या मागच्या टोकाला हत्तीवाल्यांचा कॅमेरा होता. त्यात हिरवं कार्ड मिरवत, मागे वळून सगळ्यांना आपल्यात सामील व्हा म्हणणारा हसतमुख म्हातारा आला.

आठ दिवसांत तालुक्यातल्या घराघरांत दोन गुळगुळीत पत्रकं येऊन पडली. एकावर लिहिलं होतं, "पोहल्मन यांनी एल्डनला अंधारात ठेवलं!" दुसऱ्यावर लिहिलं होतं, "एल्डनचा विश्वास, पोहल्मन!" एल्डनने दोन्ही भिंगाखाली धरली आणि ही कुणाची तरी कोंबडी विकायला काढल्याची जाहिरात असावी असं समजून बाजूला ठेवली.

मंगळवारी वर्ना आली, पण गाडी घेऊन नाही. तिच्या हातात लाल कार्डाचं पत्रक होतं.

"तीन महिने तुला फुकट फिरवलं मी! आणि तू भर सभेत आमच्या खासदाराला लाल दाखवतोस?"

"अगं वर्ना, मला लाल दिसतच नाही!"

"तोंड बघ तुझं यात! चावायला निघाल्यासारखं केलंयस!"

शुक्रवारी गस. त्याच्या हातात हिरवं.

"मला वाटलं, तू मागे वळून माझ्याशी बोलतोयस. तू तर फोटोसाठी वळला होतास!"

"अरे, मी तुलाच विचारत होतो ना, कुठली बाजू म्हणून!"

"सत्तर वर्षं ओळखतो तुला, एल्डन. एवढी ठाम बाजू घेताना कधी पाहिलं नव्हतं," गस म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

मंगळवारही गेला आणि शुक्रवारही गेला. काउंटीची म्हाताऱ्यांसाठीची व्हॅन होती, तिचा नंबर तीन आठवड्यांनी लागत होता. एल्डनने फोनवर मार्डेलला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "आज टोमॅटोचं सूप होतं." एल्डनने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकट्यानेच खुर्चीला लाथ घातली. ती त्याच्याच पायाला लागली.

मग त्याने दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांना फोन लावले. दुसऱ्या दिवशी हत्तीवाल्यांकडून ब्रेंट नावाचा पन्नाशीचा टायवाला गृहस्थ आला, आणि तो चहा संपवतोय तोच गाढववाल्यांच्या टेसबाई दारात उभ्या राहिल्या. एके काळी त्या नागरिकशास्त्र शिकवायच्या.

"ब्रेक्केसाहेब," ब्रेंट म्हणाला, "खासदारांनी मनावर घेतलं तर तुमची परवानगी चार दिवसांत आणतील."

"मग घ्या म्हणावं मनावर!"

"पण आत्ता आणली, तर आमचं विधेयक कशाला हवं, असं हे लोक विचारतील ना. नोव्हेंबरपर्यंत जरा थांबा."

"बघा, बघा यांची माणुसकी!" टेसबाई कडाडल्या. "एल्डन, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. कंपनीच्या दारात धरणं धरू!"

"कधी?"

"निवडणूक झाली की लगेच. तुमच्यावरची आमची जाहिरात चालू महिनाभर टीव्हीवर लागणार आहे. तीत म्हटलंय, एल्डनला अजून दिसत नाही. तुम्हाला मध्येच दिसायला लागलं तर आम्ही खोटे पडू हो."

एल्डन उठला. त्याचा आवाज बसमध्ये मागच्या बाकावरच्या मारामाऱ्या थांबवायला चढायचा तसा चढला. "डोळे माझे आहेत! खासदार निवडून येवो नाही तर खड्ड्यात जावो! मला माझ्या बायकोला जेवायला घालायचंय, कळतंय का तुम्हाला?"

टेसबाईंनी डोळे पुसले. ब्रेंटने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "हे पुन्हा एकदा म्हणाल? खिडकीच्या उजेडात?"

तेव्हा टेसबाईंनी जे केलं ते बहुधा केवळ ब्रेंटवरच्या रागाने केलं. त्या म्हणाल्या, "चला, एल्डन. मी सोडते तुम्हाला." आणि त्याला गाडीत घालून त्या खरोखर मार्डेलकडे घेऊन गेल्या. अकरा मैलांवर पोचेपर्यंत ब्रेंटचा फोन आला.

"ब्रेक्केसाहेब, तिने तुमच्याकडून काही कबूल करून घेतलंय का?"

"काही नाही. उद्याही येते म्हणाल्या," एल्डन म्हणाला. टेसबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. शहात्तर वर्षांत एल्डनने मारलेली ही पहिलीच थाप असावी, आणि ती त्याला इतकी सहज जमली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"उद्या आमची गाडी येईल," ब्रेंट घाईघाईने म्हणाला. "अकराला. तुम्हाला गरम सीट चालते ना?"

त्यानंतर मेपल फोर्कने पूर्वी न पाहिलेला प्रकार सुरू झाला. सोम, बुध, शुक्र हत्तीवाल्यांची गाडी. मंगळ, गुरू, शनि गाढववाल्यांची. रविवारी दोन्ही यायच्या, आणि एल्डन जाताना एकीत बसायचा, येताना दुसरीत. दोघंही वाटेत त्याला पक्षाची भूमिका समजावून सांगायचे आणि तो डुलकी काढायचा. हत्तीवाल्यांनी भोपळ्याचा पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, आणला, हे कळताच गाढववाल्यांनी सफरचंदाचा आणला. मार्डेल रोज दुपारी खिडकीत वाट पाहत बसू लागली. तिच्या कपड्यांवर सुपाचे डाग पडेनासे झाले. तिथल्या नर्सने सांगितलं की तिचं वजन चार पौंडांनी वाढलं आहे.

"आज कोणाची होती?" मार्डेल विचारायची.

"हत्तींची."

"हं. त्यांचा पाय कोरडा असतो."

ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला डोळ्यांच्या दवाखान्यातून लोइसचा फोन आला. परवानग्यांचे कागद तीच कंपनीकडे पाठवायची.

"ब्रेक्केसाहेब, आली एकदाची परवानगी!"

"कुणी आणली? ब्रेंटने की टेसने?"

"कोण ते? मी तोच अर्ज तिसऱ्यांदा पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला की देतात ते. पहिले दोन कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. परवा या, एक डोळा करून टाकू."

सहा महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते दारात येऊन उभं होतं, आणि बाहेर हत्तीवाल्यांची गाडी हॉर्न वाजवत होती. ऑपरेशन झालं की आठवडाभर घरात बसून राहायचं, डोळ्यात थेंब घालायचे. शिवाय डोळा बरा झाला की जाहिरात बंद, आणि जाहिरात बंद की गाडी बंद.

"लोइस," तो घसा खाकरून म्हणाला, "निवडणुकीनंतरची तारीख नाही का मिळणार?"

"आता तुम्हीच पुढे ढकलताय?" लोइस ओरडली. "सहा महिने तुम्ही माझं डोकं खाल्लंत, साहेब!"

निवडणूक झाली. खासदार पोहल्मन थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी अकराला एल्डन टोपी घालून पायरीवर उभा राहिला. साडेअकरा झाले, बारा झाले. ब्रेंटचा फोन बंद होता, टेसबाईंचा नंबर अस्तित्वात नव्हता. त्या दोघांना शिव्या घालाव्यात असं एल्डनला फार वाटलं, पण लुथरन चर्चच्या सोज्वळ मंडळींत उभं आयुष्य गेल्यामुळे त्याला पुरेशा येत नव्हत्या. दोन्ही विधेयकं आणि त्यांतले सात दिवस, सगळं पुढच्या अधिवेशनावर गेलं असं रेडिओवर सांगत होते.

ऑपरेशनच्या दिवशी घरी आणायला माणूस लागणारच होता. वर्ना आली, आणि पाठोपाठ गसही आला. निवडणूक संपल्यावर दोघांनाही थोडी लाज वाटली असावी. दोघांनी एकाच गाडीतून त्याला नेलं, आणि जाऊन येऊन बावीस मैल गाडीतला हीटर किती ठेवावा यावर भांडत राहिले. आठ वर्षांत त्यांचं हेच काय ते पहिलं बोलणं.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर दहाव्या दिवशी एल्डनने खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या. मक्याची शेतं कापून मोकळी झाली होती आणि रस्ता सुरीने रेघ मारल्यासारखा स्वच्छ दिसत होता. मार्डेल खिडकीत नव्हती, कारण कुणी येईल अशी तिला आशाच उरली नव्हती. ती टेबलाशी बसली होती, चमचा सुपावर थांबलेला. एल्डन दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. कित्येक महिने त्याला तिचा नुसता आकार दिसत होता. आता तिच्या गालावरचा डाग दिसला, कानामागे खोचलेली बट दिसली, हात किती वाळलाय तेही दिसलं. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"एक डोळा झाला," तो तिच्या हाताखाली हात धरत म्हणाला. "आता स्वतःच गाडी घेऊन आलो. रोज येईन."

"बर्फ पडायला लागल्यावर?"

"बर्फात नाही चालवायची असं डॉक्टर म्हणालेत. बघू. दुसरा डोळा जानेवारीत करू म्हणतायत. परवानगीसुद्धा आलीय."

मार्डेलने सावकाश दोन चमचे सूप घेतलं. मग तिने विचारलं, "एल्डन, पुढची निवडणूक कधी आहे?"

"दोन वर्षांनी."

"मग दुसरा डोळा तोवर राहू दे."