बिनधोक पातं

गोठेवाल्या काकूंचं गवत कापणीला आलं होतं. चार दिवस कडक ऊन आणि पाचव्या दिवशी पाऊस, असा अंदाज होता. तेवढ्यात गवत कापून, वाळवून आत आलं, तरच सहा गाई हिवाळा काढणार होत्या. काकूंनी ट्रॅक्टरमागचं कापणीयंत्र बाहेर ओढलं, पाती कानशीने घासली, नट आवळले, ग्रीस भरलं आणि कापणीची उंची चार बोटांवर बसवली. पण यंदापासून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय यंत्र गवतात न्यायला मनाई होती.

तपासनीस आले. त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं. बोट कापलं.

"याला धार आहे!" ते किंचाळले.

"सकाळीच लावलीय," काकू कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या.

"दोष क्रमांक एक." तपासनीसांनी बोट चोखत नोंद केली. "धारदार भाग उघडा आढळला. झाकून घ्या, उद्या बघतो."

काकांनी रात्रीच्या जेवणाआधी पत्रा ठोकून पाती वरून आणि बाजूंनी झाकली. दुसऱ्या दिवशी तपासनीसांनी पट्टी बांधलेलं तेच बोट खालच्या फटीत घातलं.

"इथून बोट आत जातंय."

"अहो साहेब, तिथूनच तर गवत आत जातं!"

"नियमावलीत बोट आहे, काकू. गवत कुठेच नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका मुकाट्याने आणखी पत्रा आणायला गेले.

तिसऱ्या दिवशी चाचणी झाली. यंत्र गवतावरून गेलं. गवत अदबीने वाकलं, यंत्र पुढे सरकताच पुन्हा ताठ उभं राहिलं. तपासनीसांना भरून आलं.

"बारा वर्षांच्या नोकरीत असं यंत्र पाहिलं नाही. कुणाला म्हणून इजा नाही!"

"गवतालासुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

"वा! तेही लिहितो."

शेरा पडला: 'अत्युत्कृष्ट'. सह्या झाल्या आणि पत्रा कुणी काढू नये म्हणून त्यावर सील ठोकलं गेलं.

चौथ्या दिवशी काका-काकू विळे घेऊन गवतात बसले. कंबरेचे काटे ढिले झाले, तरी दोघांच्या हातून तिसरा हिस्साही उरकला नाही. पाचव्या दिवशी पाऊस आला. त्याची तपासणी कुणीच केली नव्हती. उभं गवत लोळलं, काळं पडलं. चार गाई बहिणीच्या गोठ्यात पोचवताना काकूंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाहवलंच नसतं. तिथून त्या तडक कार्यालयात गेल्या.

मोठ्या साहेबांनी शांतपणे कागद पुढे केला. 'यंत्राच्या कापणीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.' खाली काकूंचीच सही होती, ठळक आणि वळणदार.

"वाचलं नव्हतंत?"

"अक्षर बारीक होतं," काकू पुटपुटल्या. "आणि आम्हाला घाई होती."

"असू द्या. सगळे असंच करतात," साहेब मायेने म्हणाले.

काकूंना हसायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फोनवर 'मला सर्व अटी मान्य आहेत' हे बटण तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच दाबता ना!