भिमाजीच्या गुत्त्यातलं शेरेबुक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला, तर मला तुमचीच काळजी वाटेल.

मळवली स्टेशनाबाहेर धोंडाबाईच्या चहाच्या छपराखाली बसून मी हे पुण्याच्या दोन गृहस्थांना सांगत होतो. लेणी पाहून ते परतीच्या गाडीची वाट पाहत होते. चहाचा पहिला घोट घेऊन दोघांनीही तोंड वाकडं केलं होतं, कारण चहाला ओल्या लाकडाच्या धुराचा वास होता. धोंडाबाई हंडा घेऊन विहिरीवर गेली होती. म्हणून मी जरा मोकळेपणानं सुरुवात केली.

तर दहा वर्षांमागं मी लोणावळ्याच्या अलीकडे रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होतो. आमच्या रेल्वेच्या चाळीमागं भिमाजीचा देशी दारूचा गुत्ता होता, सरकारी परवान्याचा. वर पत्रा, आत एक बाक, खारे चणे, आणि खिळ्याला सुतळीनं बांधलेलं एक शेरेबुक. आबकारी खात्याचा हुकूमच होता की, पिणाऱ्या प्रजेचं मत सरकारला कळलं पाहिजे. प्रजेपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, ही बाब हुकूम काढणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी. पण त्यामुळं काही अडलं नाही. दोन वर्षांत त्या पुस्तकाची चाळीस पानं भरली. प्रत्येक ओळीत ‘उत्तम’ आणि पुढं अंगठा. अंगठे निरनिराळे, अक्षर मात्र एकच. पण काय अक्षर होतं, सांगतो. दोन वर्षांत एक जोडाक्षर हललं नाही, की एक ओळ तिरकी गेली नाही. लिहिणारा कोणी खानदानी माणूस असणार.

एका मंगळवारी पाळी संपवून मी एक पेला घेतला आणि त्या पुस्तकात पहिल्यांदाच खरं ते लिहिलं. ‘चणे बरे. बाक मोडका. दारूत पाणी आहे, व ते पाणी इंजिनाच्या टाकीचे आहे.’ रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला त्या पाण्याची गंजकी चव झोपेतही कळते.

भिमाजीनं ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी थेट फाटकावर आला. डोळे भरलेले.

“गेणू, काय वंगाळ केलं म्या तुझं?”

“पाणी घातलंस.”

“पाणी कोण घालत न्हाई? त्ये सोड. पर बाक मोडका म्हनलास? सासऱ्यानं दिल्याला बाक हाय त्यो. मोडका न्हाई, जरा कललाय. घरात बायकू बोलत न्हाई माज्याशी कालपास्नं.”

पान फाडता येईना, कारण पानांवर आकडे आणि सरकारी शिक्के. मग त्यानं शेऱ्याखाली उत्तर लिहवलं. ‘सदर ग्राहक शेरा लिहितेवेळी झिंगलेला होता. सबब मत धरू नये.’ लिहवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की, ग्राहक झिंगला म्हणजे दारू कडक ठरते. तो एवढा खूश झाला की, ते पान उघडं ठेवून त्यानं पुस्तक दारात टांगलं.

तिथंच ते तपासणीला आलेल्या आबकारी साहेबांनी वाचलं. अनंतराव त्यांचं नाव. बाकाच्या बऱ्या बाजूला बसून त्यांनी मला बोलावून घेतलं.

“तुम्ही मद्यपान केले होते काय?”

“का, साहेब?”

“केले असल्यास तुमची साक्ष झिंगलेल्या इसमाची, म्हणजे अग्राह्य. केले नसल्यास तुम्हाला चव कळण्याचा संभव नाही, म्हणजे शेरा खोटा. दोहोंपैकी कोणत्या सदरात लिहू?”

मी टोपी काढून हातात धरली. साहेबच पुढं बोलले.

“शेरा खरा ठरला, तर फाटकवाला दारू पितो असे रेल्वेला कळवणे भाग आहे. नोकरी जाईल. खोटा ठरला, तर सरकारी पुस्तकात असत्य लिहिल्याचा खटला. आणखी एक. पाणी रेल्वेचे होते म्हणता, म्हणजे ते पिऊन तुम्ही पुरावा नष्ट केलात.” मग मायेनं म्हणाले, “घाई नाही. चहापर्यंत विचार करा.”

घरी चार तोंडं खाणारी. भिमाजीचं तर तोंडच आंबलेलं. शेरा खरा ठरला तर त्याचा परवानाही जाणार. तेव्हा मला एक युक्ती सुचली.

“साहेब, कधीच न पिणाऱ्या माणसाकडून चव घ्यावी. त्याची साक्ष झिंगलेली नाही, आणि सरकारनं पाजली तर अनुभवाचीही अडचण नाही.”

अनंतरावांनी डोळे मिटले. असा मार्ग नियमात आपल्याला कसा दिसला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

तळेगावहून हेडमास्तर केशवराव आले. मद्यपाननिषेध मंडळीचे चिटणीस, उपरण्यासकट. पहिला पेला त्यांनी नाक धरून घेतला आणि वहीत ‘नमुना अपुरा’ अशी नोंद केली. दुसऱ्याला नाक धरलं नाही. तिसऱ्यानंतर म्हणाले, निर्णय एकांगी नको, चणेही पाहू. पाचव्यानंतर उठायला गेले तेव्हा सासऱ्याचा बाक मधोमध मोडला. माझा शेरा तेवढ्यापुरता जागीच सिद्ध झाला.

मास्तरांनी जमिनीवरूनच निकाल लिहिला. ‘या द्रव्यात मद्याचा अंश आढळला नाही. मंडळी या दुकानाची शिफारस करते.’

मग अनंतरावांनी फायल मिटवली. मद्य नव्हतं, म्हणजे फाटकवाला मद्य प्यालेला नाही. नोकरी कायम. मद्य नव्हतं, म्हणजे मद्यात पाणी घातलेलं नाही. परवाना कायम. खाली मोठ्या अक्षरात शेरा, ‘उत्तम’.

भिमाजीनं शिफारसपत्राला चौकट केली आणि हार घालून दारात लावलं. आठ दिवसांत गुत्त्यात कुत्रं फिरकेना. ज्या दारूला मद्यपाननिषेधवाले नावाजतात ती प्यायला पायपीट कोण करणार? शेवटी हात जोडून माझ्याकडं आला.

“गेणू, कायतरी वाईट लिव, बाबा. दोन मानसं पडली म्हनून लिव.”

मी लिहिलं. ‘एका पेल्यात भाज्याची लेणी कार्ल्याला दिसतात. दुबळ्यांनी येऊ नये.’ संध्याकाळी पार कामशेतापासून माणसं आली. एका शेऱ्यानं गुत्ता बुडवला आणि एकानं तारला. खरं लिहिणाऱ्या माणसाचा दरारा हा असा असतो.

मागं हंडा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

“आबा,” धोंडाबाई म्हणाली, “फाटकावर तुमी कवा व्हता?”

मी चहाकडं पाहिलं.

“फाटकावर माजा मालक व्हता, नथू. शेरा त्येनंच लिवला व्हता. चार बुकं शिकला व्हता, त्येचीच खोड. त्यो मास्तर आला न्हाई आन् कोन आलं न्हाई. तिसऱ्या दिवशी कामावरनं काढला त्येला. म्हून ही चूल मांडली म्या.” तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती गृहस्थांकडं वळली. “ह्ये फाटकावर न्हवतं, बाबा. ह्ये भिमाजीच्या बाकावर. फुकटच्या पेल्याला एक ‘उत्तम’ लिवत व्हतं. चाळीस पानं लिवली.”

गृहस्थांनी माझ्याकडं असं पाहिलं की, मला त्यांच्या शिक्षणाचा आदर वाटला. एकजण तर म्हणालाही, “असल्या माणसांमुळेच देशाचं हे असं झालंय.”

धोंडाबाईनं चुलीवरची किटली उचलली. माझा पेला भरला, त्यांचेही भरले. धूर आणखी दाटला होता.

“खऱ्याचं लय कवतिक तुमाला,” ती त्या दोघांना म्हणाली. “मग सांगा बगू. च्या कसा झालाय?”

किटली तिच्या हातात तशीच. गाडी अजून यायची होती.

“उत्तम,” दोघंही एका सुरात म्हणाले. मला तोंड उघडावंच लागलं नाही.