बोर्बनच्या कपाचा कान

ताप उतरला त्या सकाळी त्याला चहाचा वास आला नाही, आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही असं त्याने ठरवलं. चार दिवसांत येईल परत, उगाच कशाला बोभाटा? एवढाच काय तो त्याचा निर्णय. पुढचं सगळं त्या निर्णयाने आपापलं केलं.

एखाद्या कारकुनाचं नाक गेलं असतं तर काही बिघडलं नसतं. फायलींना वास नसतो (असला तर तो न आलेलाच बरा). पण हा गृहस्थ चहाच्या कंपनीत परीक्षक होता. रोज सकाळी लांबलचक टेबलावर ऐंशी कप मांडलेले असायचे. याने चमच्याने एकेक घोट सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिंकदाणीत टाकायचा आणि पुढे सरकायचं. ज्या कपाबद्दल शंका येईल, त्याचा कान उलट्या बाजूला फिरवून ठेवायचा, म्हणजे मागून येणारा समजायचा की हा माल बाद. वीस वर्षं हेच चाललं होतं. घरीही तीच सवय. बायकोचा चहा बिघडला तर हा तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कपाचा कान तेवढा उलटा करून ठेवायचा. त्यावरून दोघांची कैक भांडणं झाली होती.

चार दिवसांचे दोन महिने झाले. गोड, कडू, खारट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं गरम पाणी. तो पत्तीचा रंग बघून आणि जुन्या वह्या चाळून गुण द्यायला लागला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. याचं त्याला आधी हायसं वाटलं आणि मग याचंच वाईट वाटायला लागलं. ज्या कसबावर आपण आयुष्यभर मान वर करून चाललो, ते जाऊन दोन महिने झाले आणि कंपनीला पत्ताही नाही!

बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. ती हल्ली कमी बोलायची. चहाचा कप पुढे ठेवायची आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहून बघायची. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको टक लावून बघायला लागली, तर कुठल्याही नवऱ्याने सावध व्हावं. हा झाला नाही.)

त्यातच कंपनीचे मुख्य परीक्षक निवृत्त झाले. त्यांच्या जागी हाच येणार असं सगळे धरून चालले होते. नाक गेल्याचं कळलं असतं, तर हा खोकी भरायच्या खात्यात गेला असता, हे तो एकटाच धरून चालला होता.

अशा वेळी मेहुणा सुट्टीवर आला. मेहुणा जहाजावर इंजिनिअर. येताना त्याने सहा बाटल्या आणल्या, तीन बोर्बनच्या, तीन आयरिश व्हिस्कीच्या.

"भाऊजी, रविवारी दुपारी परीक्षा! डोळे बांधून. कुठली बोर्बन, कुठली आयरिश, तुम्ही सांगायचं."

"अरे, मी पीत नाही."

"प्यायची कुठे आहे? चव घेऊन टाकायची. तुमचा धंदाच तो. आणि मी तुमच्या साहेबांना बोलावलंय."

"कुणाला?"

"साहेबांना! काल फोन आला होता, तुम्ही अंघोळीला गेला होतात. मी म्हटलं, आमच्या भाऊजींची जीभ बघायला या. ते म्हणाले, चहा तर रोजचाच आहे, अनोळखी मालावरच खरा परीक्षक कळतो. रविवारी बघून सोमवारी निर्णय देतो."



तीन दिवस त्याने परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. बोर्बन बहुतेक मक्याची. आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिला, करपवलेली साखर, नारळ. आयरिश बार्लीची, बहुधा तीनदा गाळलेली, म्हणून मऊ. मध, सफरचंद, ओलं गवत. बोर्बनचा रंग जास्त गडद हे वाचून त्याला जरा धीर आला होता, पण डोळेच बांधणार म्हटल्यावर रंगाचा काय उपयोग?

शनिवारी ऑफिसात कपाचा कान फिरवताना त्याला उपाय सुचला. डोळे बांधले तरी बोटं मोकळीच असणार! बोर्बनच्या कपांचे कान डावीकडे, आयरिशचे उजवीकडे. (वीस वर्षांच्या प्रामाणिक नोकरीनंतर माणूस पहिली लबाडी करतो, तेव्हा ती त्याला फार हुशारीची वाटते.)

रविवारी मेहुण्याने स्वयंपाकघरात सहा कप ओळीने मांडले आणि प्रत्येकामागे त्याची बाटली उभी केली. इतक्यात साहेब आले. मेहुणा दार उघडायला धावला, बायको मागच्या गॅलरीत डोळे बांधायला धुतलेलं फडकं आणायला गेली होती. हा पाणी प्यायच्या निमित्ताने आत शिरला, तीन कपांचे कान फिरवले आणि बाहेर येऊन नमस्कार करून बसला. 

मेहुण्याने फडकं घट्ट बांधलं. बायकोने ट्रे आणून ठेवला. पिंकदाणी म्हणून शेजारी बादली ठेवली. (पुसायच्या फडक्याची असावी. नाक नसण्याचे फायदेही असतात.)

पहिला कप. बोटांनी कान चाचपला. उजवीकडे. सुर्र. घसा जळला, बाकी काही नाही.

"आयरिश," तो म्हणाला. "मध आहे. मागून सफरचंद."

"वा!" साहेब म्हणाले.

दुसरा कप, उजवीकडे. "आयरिश. ओलं गवत."

तिसरा, उजवीकडे. मेहुण्याने क्रम बदलला असेल, हरकत नाही. "आयरिश."

चौथा कप चाचपला आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. चौथाही उजवीकडे! आयरिश तर तीनच होत्या. त्याला एकदम आठवलं. पाहुण्यांपुढे कप ठेवताना बायको सगळ्या कपांचे कान एका रेषेत लावते. आईकडून आलेली शिस्त. आपल्या चतुराईत तिची शिस्त आपण धरलीच नव्हती.

"भाऊजी, चौथा?" मेहुण्याच्या आवाजात गुदगुल्या होत्या.

आता बोर्बन म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? पहिल्या तीन कपांत काय होतं देव जाणे. फडक्याआडच्या अंधारात त्याला खोकी दिसायला लागली. ओळीने रचलेली, चिकटपट्टी लावलेली, आणि त्यांच्यामागे तो स्वतः. खोटं बोलून हरायचं तर निदान एकाच खोट्याला धरून हरावं, असं त्याला वाटलं.

"आयरिश," तो पडेल आवाजात म्हणाला. पाचव्यालाही म्हणाला. सहाव्याला तर कानही चाचपला नाही.

मेहुणा खो-खो हसत सुटला. "सहाच्या सहा आयरिश! साहेब, ऐकलंत ना?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा चमचा घेतला आणि सहाही कप चाखले. मग पहिल्यापासून पुन्हा चाखले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "ह्यात बोर्बन नाहीच."

"शक्यच नाही! मी स्वतः ओतली!"

"ते तीन कप ना?" बायको म्हणाली. "ते मी बदलले. यांनी त्यांचे कान फिरवून ठेवले होते. म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार. पाहुण्यांना कसं द्यायचं? मग ओतून टाकले, आणि ज्यांचे कान सरळ होते त्यांच्यातल्याच एका बाटलीतून पुन्हा भरले."

"ओतून टाकले? कुठे?"

"मोरीत."

मेहुणा मटकन खाली बसला.

साहेब मात्र उभे राहिले. "म्हणजे तुम्ही आत जाऊन नुसत्या वासावर तिन्ही बोर्बन वेगळ्या काढल्या? एक घोटही न घेता?" त्यांनी याचा हात दोन्ही हातांत धरला. "उद्यापासून मुख्य परीक्षक तुम्हीच. आता तुमच्यानंतर कुणी चव तपासणार नाही. तुम्ही म्हणाल ते कायम."

याने फडकं सोडलं. आनंद व्हायला हवा होता, पण छातीवर खोकं ठेवल्यासारखं वाटत होतं.

साहेब गेले. मेहुणा मोरी बघून आला आणि तसाच बाहेर निघून गेला. स्वयंपाकघरात बायको त्याच्याकडे बघत उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. असं हसताना त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अहो, आला ना परत?"

"काय?"

"वास. मला काय कळत नाही? दोन महिन्यांत एकदाही कपाचा कान फिरवला नाहीत तुम्ही. मी रोज वाट बघत होते. आज ते तीन कान उलटे दिसले आणि मला रडूच फुटलं. आला ना?"

साहेबांपुढे जे बोलायला हवं होतं, ते इथे बोलायची वेळ होती. त्याने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आला," तो म्हणाला.

"थांबा, चहा करते."

तिने चहा केला, मन लावून केला. कप त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा तशीच समोर उभी राहिली. त्याने घोट घेतला. गरम पाणी. गोड. आता हिची खात्री पटवायची असेल, तर एकच मार्ग आहे हे त्याला कळत होतं. बिचारी दोन महिने ज्याची वाट बघतेय, ते तिला द्यायला काय हरकत आहे? त्याने मायेने, सावकाश, कपाचा कान उलट्या बाजूला फिरवला.

बायकोचं हसू गेलं. तिने तो कप उचलला, एक घोट घेतला आणि खुर्ची ओढून बसली.

"दोन महिने," ती म्हणाली, "मी मुद्दाम चहा बिघडवत होते. कधी करपलेलं दूध, कधी कालचीच पूड, एकदा तर डब्याच्या तळाचा कुबट चुरा. कधीतरी कान फिरेल म्हणून. तुम्ही रोज 'छान' म्हणायचात."

तो कपाकडे बघत राहिला.

"आज पहिल्यांदा चांगला केला होता."

 मग तिने कपाचा कान सरळ केला आणि कप त्याच्याकडे सरकवला.

"घ्या. आणि उद्या साहेबांना सगळं खरं सांगून टाका."

"सांगतो. खोकी भरायला पाठवतील."

"पाठवू देत," ती म्हणाली. "तिथे तरी तुम्हाला उलटसुलट कळायला खोक्यावर बाण असतो."