उघडून पाह्यलं का?

गावंडे सरांच्या घराची एक किल्ली अडीअडचणीसाठी माझ्याकडे असते. दर महिन्याला ते ती मागून नेतात, बाहेरून दाराचं लॅचचं कुलूप लावतात, त्याच किल्लीनं उघडतात आणि ती परत आणून देतात. "चालते अजून," म्हणतात.

यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर शिकवतो. संशोधन करणारी मुलं त्यांच्याकडे, लॅबची व्यवस्था माझ्याकडे. मुलांसाठी त्यांचे नियम ठरलेले. फाइलच्या नावात 'फायनल' लिहायचं नाही, तारीख लिहायची. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की कारण नोंदवायचं. "काय बदललं ते मशीनले समजते. काहून बदललं, ते तुम्हीच सांगा." आणि दर सोमवारी प्रत्येकानं आपल्या कामाची प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून दाखवायची.

"सर, मागच्या सोमवारी तर उघडली होती," एकदा सविता कुरकुरली.

"मागच्या सोमवारी जेवलीही होती ना? मंग आज कायले डबा आणला?"

सविता उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरची. फवारणीच्या औषधाबद्दल शेतकऱ्यानं गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, विचारलं तर फोननं त्याच बोलीत उत्तर द्यावं, असं तिचं काम. त्यासाठी ती माणसांचे आवाज जमवत होती. पहिला आवाज तिच्या बाचा.

त्या हंगामात कपाशी फवारून विषबाधा झालेली माणसं दवाखान्यात येत राहिली. तिचा बासुद्धा आला. परत गेला नाही.

सविता गावी राहिली. बऱ्याच आठवड्यांनी आली ती थेट कामाला लागली. लॅपटॉप भरला होता. ऑनलाइन प्रत आहेच, या भरवशावर तिनं आवाजांचं फोल्डर पुसलं, कचरापेटीही रिकामी केली. पण दोन्ही जागा जोडलेल्या होत्या. इथलं पुसलं तसं तिथलंही पुसलं गेलं.

ती सरांसमोर उभी राहिली. "बाकीचे आवाज पुन्हा घेता येतील, सर. बाचा नाही."

सर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात मुलांच्या कामाच्या प्रतींची हार्ड डिस्क असते. ती जोडून फाइल सापडल्यावर त्यांनी हेडफोन तिच्यापुढे सरकवला. "हाय म्हणून सांगत नाही. उघडून पाह्य."

तिनं डोळे मिटून ऐकलं. मध्येच हसली, मग तोंडावर ओढणी धरली. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ती गेल्यावर मी विचारलं, "फाइल चालू आहे याची तुम्हाला खात्री होती?"

"ते गावाले होती, तवा तिची प्रत मीच उघडून पाह्यत होतो. दर सोमवारी."

"पूर्ण ऐकत होता?"

"ऐकाच लागते. अर्ध्यात तुटली असन तं?"

"पण तुम्हाला कुठे गोर बोली समजते?"

"नाही समजत. मधात तो हसते. तिथवर आलं की थोडं बरं वाटते." मग हार्ड डिस्क डब्यात ठेवत म्हणाले, "घरी कोण बोलते, मॅडम?"

वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या विषयावर ते एवढंच बोलले.

पुढच्या महिन्यात ते किल्ली मागायला आले. मी दिली नाही.

"किल्ली चालते का ते तुम्ही पाहता. मी येते का, ते कधी पाहिलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही पाह्यलं," म्हणाले.

"मग रविवारी आतून कुलूप लावून बसा. मी येऊन उघडते."

रविवारी मी कुलूप उघडलं. सर खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर चहाचे दोन कप होते. एकाचा कान तुटलेला. दुसऱ्याला दुकानातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती.