पाच डिस्क, तीन पुरे

२००४ सालच्या एका रविवारी, वसईतल्या घरात चहा उकळत असताना, सुधाकररावांनी बारा-पंधरा वर्षांचं चित्रण कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ गोतावळ्यातल्या प्रत्येक समारंभाला कॅमेरा घेऊन हजर असत. कॅसेटना बुरशी लागली तसं त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने पाच हार्ड डिस्कवर वाटलं. दोन घरात ठेवल्या. बाकीच्या गेल्याच वर्षी फुलपाड्याला बहिणीकडे, पाचूबंदरला मित्राकडे आणि कामणला भाच्याच्या गोदामात पोचवल्या होत्या.

"कुठल्याही दोन मेल्या तरी बिघडत नाही," ते म्हणाले, आणि तेवढ्या भरवशावर मूळ पुसलं.

ज्ञानदाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, कपाळाला हात लावला. बाबांचं म्हणणं खोडून काढल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"डिस्कवर चित्रणाचे नुसते तुकडे नाहीत गं, समीकरणं आहेत. अज्ञातं तीन, समीकरणं पाच. कुठलीही तीन घे, उत्तर तेच."

हे गणित नाही, जुगार आहे, असं सुनावून तिने चहा गाळला. सोमवारी सकाळी छातीत कळ येऊन बाबा गेले.

तेरावं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की कायम कॅमेऱ्यामागे असल्यामुळे त्या चित्रणात बाबा दिसणार नव्हते, फक्त ऐकू येणार होते. तेवढाच आवाज उरला होता, तोही समीकरणांत.

घरातल्या दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. आणखी एकच हवी होती.

फुलपाड्याहून लतिकाआत्या आली. तिची डिस्क देव्हाऱ्यात होती. दसऱ्याला तिने तिच्यावर हळदकुंकू वाहून नारळाचं पाणी शिंपडलं होतं. डिस्क पिवळीजर्द आणि गतप्राण.

बाबांचे पाचूबंदरचे मित्र क्लेमेंटकाका यांनी आपली डिस्क पिशवीतून काढली, तेव्हा खोलीभर सुरमईचा वास पसरला.

"थंड जागी ठेव बोललेला ना तुजा बाबा? माशांच्या बर्फात ठेवली. रोज बर्फ बदलला."

डिस्कमधून पाणी टपकलं. "माझ्या सिद्धेशची मुंज होती हिच्यात," म्हणत आत्याने आपल्या पिवळ्या डिस्ककडे बघून डोळ्यांना पदर लावला. काकांनी लेकीचं, पॉलिनचं, लग्न बुडालं म्हणून खुर्ची धरली. ज्याच्या घरी डिस्क, त्याचा समारंभ तिच्यात, अशी दोघांची पक्की समजूत होती.

राहिली कामणची. बाबांच्या भाच्याला, रामनाथला, अशी काही डिस्क आठवेचना. शेवटी ती गोदामातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सापडली. कोणी तिची बडदास्त ठेवली नव्हती, म्हणूनच बहुधा ती जोडल्याबरोबर घरघरत फिरायला लागली.

प्रोग्रॅम चालू झाला. पहिल्यांदा मुंज दिसली, मग पॉलिन चर्चच्या पायऱ्या उतरताना. मुंडावळीतलं एक फूल कमी नव्हतं, की झालरीचा एक धागा. दोन डिस्क टेबलावर मरून पडल्या होत्या आणि त्यांच्यातलं सगळं समोर हसत होतं. काकांनी क्रूसाची खूण केली, आत्याने हात जोडले, दोघांनीही त्याच मॉनिटरपुढे.

"ज्ञानदा, बाजूला हो, प्रकाश अडतोय," कॅमेऱ्यामागून बाबा म्हणाले.

पडद्यावरची ज्ञानदा हलली नाही. प्रकाश दुसरीकडून येतोय, असं ती त्यांना समजावू लागली. तिची सावली मात्र सबंध पॉलिनवर पडली होती.

खुर्चीतल्या ज्ञानदाने ती सावली बघितली. मग सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं."