रस्त्याकडे तोंड, जंगलाकडे पाठ

कार्यक्रमपत्रिका, सकाळी नऊ: वावेलचा किल्ला.

झाला. गाईड ओतिलियाबाईंनी गेली एकोणतीस वर्षं दाखवला तसाच दाखवला. पोझ्नानहून आलेल्या बेचाळीस निवृत्त शिक्षकांनी राजांच्या थडग्यांपाशी बाईंनी सांगितलेल्या सनावळीतल्या दोन चुका काढल्या. बाईंच्या गुडघ्यांनी क्राकुफच्या दगडी रस्त्यांपुढे केव्हाच हात टेकले होते.

अकरा: बसने ओइत्सुफचं खोरं.

बस निघाली. खोरं यायच्या आधीच थांबली.

"आता काय, झेनोन?"

"मागचं चाक, बाई," चालक म्हणाला. "अर्धा तास द्या. आणि ही माणसं लांब ठेवा. मास्तर लोक, नट फिरवायला शिकवतील मला."

बाई खाली उतरल्या आणि पायरीपाशीच थबकल्या. वाकडं बर्चचं झाड. त्याच्या मागे लाकडी क्रूस. त्यामागे जंगल.

सासूची जागा!

(कार्यक्रमपत्रिकेत हे नाही.)

जन्मभर सुनेशी वाकड्यात वागलेल्या सासूने मरताना पोटच्या मुलाला खोलीबाहेर घालवलं होतं आणि ही जागा सुनेच्या, म्हणजे बाईंच्या, कानात सांगितली होती. सप्टेंबरात पाऊस झाला की इथे पावाएवढी अळंबी उगवत. ती वाळवायची, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी बिटाच्या सारात घालायची. त्या वासाशिवाय घरात सणच होत नसे. परवाच पाऊस झाला होता. बाई उद्या येणार होत्या, एकट्या.

आणि अळंबी वेचायचं वेड रक्तातच असलेल्या बेचाळीस पोलिश माणसांतल्या एकाला जरी एक अळंबं दिसलं, तरी बस अंधार पडेपर्यंत रिकामी.

"मंडळी! जंगलाकडे पाठ! शेताकडे बघा!"

"शेतात काय आहे?" क्लेमेन्स मास्तरांनी विचारलं.

"कोबी."

"तो दिसतोय."

"या कोबीच्या जागी," बाईंनी दम खाल्ला, "स्वीडिश सैन्याचा तळ होता."

"साल?"

"सोळाशे पंचावन्न."

"महिना?"

बाईंनी महिना दिला. वार दिला. सेनापतीला दातदुखी दिली. अजून वीस मिनिटं उरली, तेव्हा त्याच्या आचाऱ्याचं लग्न लावलं. गुडघे ठणकत होते, घसा बसला होता, आणि वऱ्हाड काही जेवून उठत नव्हतं.

"अळंबीचा वास येतोय का हो?" एका आजीबाईंनी नाक वर केलं.

"टायर तापलाय, आजी. तर नवरी..."

"चला, बसा!" झेनोनने हाक मारली.

बेचाळीस चढले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. बाई पुढच्या सीटवर कोसळल्या. वाचली जागा.

मग तो वास आला. चालकाच्या सीटखालून, कोटाने झाकलेल्या टोपलीतून.

"झेनोन, चाक बदललंस ना? मग हाताला काळं नाही, माती कशी?"

झेनोन कानाशी झुकला. "चाकाला काय धाड भरलीय! मागच्या शनिवारी इथे खरंच पंक्चर झालं होतं, तेव्हा दिसली ही जागा. देवाशपथ, अजून कुणालाच ठाऊक नाही. आज एकूण एक काढली. पण बाई, लोकांना काय धरून ठेवलंत तुम्ही! मानलं!"

बाईंनी तोंड उघडलं. जागा आपली म्हणावं, तर मागच्या बेचाळिसांनाही ती सांगितल्यासारखीच. तोंड मिटलं.

"ही घ्या चार," त्याने रुमालात बांधून दिली. "घरी विचारलं तर बाजारातून आणली म्हणा."

"आभारी आहे," बाई म्हणाल्या.

मागून क्लेमेन्स मास्तरांचा आवाज आला, "बाई, त्या स्वीडिशांचं पुढे काय झालं?"

"लुटून नेलं सगळं," ओतिलियाबाईंनी रुमालाची गाठ आवळली. "आमची पाठ होती तिकडे."